जगल्या लेकरांचं गाठोडं

आमिनामावशीने आयुष्यात एकाही तान्ह्या मुलाला सुंदर म्हटलं नाही. बाळंतिणीच्या खोलीच्या दारात उभी राहून ती मान वाकडी करून आत बघे आणि तोंड वेंगाडून म्हणे, "लयच कुरूप झालंय गं. नाक बगा कसं फतकल." ज्यांना ठाऊक होतं त्या बायका मनातून सुखावत. दृष्ट लागू नये म्हणून ती असं बोलते, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या मधूला ती 'वाळल्या वांग्यावानी हाय' म्हणाली तेव्हा मी रागानं दोन दिवस तिच्याशी बोलले नाही. तिला ते कळलंही नाही, कारण त्याआधीही मी तिच्याशी फारशी बोलत नव्हतेच.

माझे यजमान तेव्हा लोणावळा स्टेशनात तारमास्तर होते आणि मी पुण्याहून नुकती संसाराला आलेली. सतरा वर्षांची, चार बुकं शिकलेली आणि चाळीस शिकल्यासारखी वागणारी. पुण्यात आमच्या आळीत नळ होता, ही गोष्ट मी लोणावळ्यात भेटेल त्या बाईला पहिल्या पाच मिनिटांत सांगत असे. आमिनामावशीलाही सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं. हितं आमची इंद्रायणी तुमचीच वाट बघत व्हती."

उंच, हाडापेरानं मोठी बाई. आमच्यासारखंच नऊवारी नेसायची, फक्त कपाळ मोकळं असे. दात मिश्रीनं काळे. तिचा नवरा घाटात रुळांवर गँगमन होता आणि ती घरोघर जाऊन जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवून द्यायची. पण खंडाळ्यापासून कामशेतपर्यंत आणि पलीकडं बेडसे-वडिवळ्यापर्यंत बायका तिला ओळखत त्या गोधड्यांमुळं नाही. तिच्या काखेत कायम एक गाठोडं असे, त्यामुळं.

त्या गाठोड्यात लहान झालेले कपडे असत. झबली, टोपरी, दुपटी, लंगोट, कुंच्या. त्या काळी नव्या बाळाच्या अंगाला पहिलं कापड कोरं घालत नसत. जुनं हवं, मऊ हवं, आणि मुख्य म्हणजे जगल्या लेकराचं हवं. ज्या घरात मूल वाचत नसे तिथल्या बाईनं तर दुसरीच्या दारात पदर पसरून अंगडं मागून आणायचं. एक मूल ज्यात वाढलं त्यात दुसरंही वाढेल, अशी समजूत. आता हसाल. तेव्हा दर दोन घरांआड एक पाळणा रिकामा होऊन माळ्यावर जाई. हसायला कुणाला सवड नव्हती. आणि प्रत्येकीनं दारोदार पदर पसरू नये म्हणून सगळ्यांच्या वतीनं आमिनामावशी फिरायची.

ती त्याबद्दल काही घेत नसे. अट एवढीच, की मूल वाढलं की कापड परत करायचं आणि सोबत आपल्या मुलाचं एक जास्तीचं घालायचं. कुठलं कापड कुणाकुणाच्या अंगावरून आलं ते तिला तोंडपाठ होतं. वाचता येत नव्हतं, पण एखादं विटकं झबलं हातात धरून ती पाच मुलांची नावं, गावं आणि त्यांना कितव्या महिन्यात दात आले ते सांगे. आणि कुणी नवं कापड देऊ लागलं की घेण्याआधी एकच प्रश्न विचारी, "लेकरू जितं हाय न्हवं?" गेलेल्या लेकराचं कापड गाठोड्यात चालत नसे. ते मातीत जायचं नाहीतर नदीत.

मुंबईहून हवा खायला आलेल्या एका बंगल्यातल्या बाईंनी एकदा तिला बोलावून मुलीचा झालरीचा झगा दिला. मावशीनं झगा उलटासुलटा केला आणि विचारलं, लेकरू जितं हाय न्हवं? बाई संतापून लाल झाल्या. मुलगी समोरच बिस्किट खात बसली होती. मावशीनं तिच्याकडं नीट बघून घेतलं, पोटाला बोट लावून बघितलं आणि म्हणाली, "हाय. पन इचारलं पायजे." झगा पुढं वडिवळ्याच्या एका शेतकऱ्याच्या पोरीनं घातला. शेणाच्या पाट्या उचलणाऱ्या आईच्या कडेवर ती पोर राजकन्येसारखी बसून फिरायची.

कपड्यांखेरीज एक पांगुळगाडाही तिच्या ताब्यात होता. तीन चाकांचा, सागवानी, बारा-चौदा मुलं त्याला धरून चालायला शिकलेली. तो ती डोक्यावर घेऊन गाडीनं कामशेतला निघाली, तेव्हा तिकीट तपासणारानं त्याचंही तिकीट मागितलं. तिनं गाडा खाली ठेवला आणि त्याला शांतपणे सांगितलं, "ह्यात लेकरू बसलं म्हंजी काढू की. तवर तुमीच धरून हुबं ऱ्हावा, लय हलतीया गाडी." यजमानांनी ही हकिगत घरी येऊन सांगितली तेव्हा मी हसले नव्हते. मला वाटलं, काय ही उद्धट बाई.

मला सातवा लागला आणि ही उद्धट बाई आमच्या दारात येऊन बसली. दारात म्हणजे उंबऱ्याबाहेर. आत ये असं मी म्हटलं नाही आणि तिनंही अपेक्षा केली नाही. तिनं गाठोडं सोडून एक खणाची कुंची काढली. तांबडा खण, हिरवा काठ, आत जुन्या मलमलीचं अस्तर. गाठोड्यातला हा मानकरी. मावळातल्या बायका या कुंचीसाठी आपला नंबर लावून ठेवत. सहा मुलांनी ती घातली होती आणि सहाही जगली होती, असं तिनं मला सांगितलं. पहिला तिच्या बहिणीचा मुलगा, आता भुसावळला इंजिनावर. दुसरी खंडाळ्याच्या दूधवाल्याची लेक, आता दोन मुलांची आई. अशी पुढं सगळी. हनुवटीखाली बांधायचे बंद मात्र कोरे पांढरे होते. दर मुलामागं ती जुने बंद उसवून नवे शिवत असे. "बंद लेकरं चावत्यात," ती म्हणाली. "ज्याचं त्यानं चावावं."

आता माझं शहाणपण ऐका. सहा मुलांची लाळ, कुठल्या कुठल्या घरांतली! शेजारच्या स्टेशनमास्तरीणबाई बघत होत्या म्हणून मी नाही म्हणू शकले नाही. मावशी वळल्याबरोबर मी ती कुंची चिमट्यानं उचलली आणि पातेल्यात रिठे घालून उकळत ठेवली. वर आणखी काटकसरी गृहिणी म्हणून त्याच पाण्यात यजमानांचे दोन पांढरे सदरे टाकले. खणानं रंग सोडला. दुसऱ्या दिवशी तारमास्तर गुलाबी सदरा घालून कामावर गेले, कारण दुसराही गुलाबीच होता. स्टेशनातले लोक महिनाभर त्यांना 'नवरदेव' म्हणत.

मावशीला ते कळलं. तिनं फिकटलेली कुंची उजेडात धरली. मला वाटलं आता ही बोलणार. ती म्हणाली, "रंग गेला तं गेला, मास्तरीनबाई. लेकरांची हाय गेली नसंल म्हंजी झालं." हाय म्हणजे ऊब. मला हा शब्द ठाऊक नव्हता. मी घरात जाऊन यजमानांना विचारला.

मधू त्या कुंचीत वाढला. त्यानं बंद चावून चावून दोऱ्या केल्या. तो धावू लागला तशी कुंची परत गेली, वडिवळ्याच्या एका बाळाला झाली, आणि मग माझ्या कुमुदच्या वेळी मी ती स्वतः मागून घेतली. यावेळी उकळली नाही. तोवर मावशी ओटीवर येऊन बसू लागली होती आणि मी तिच्यासाठी कपबशी वेगळी ठेवायचं हळूहळू विसरले होते. एवढी माझी प्रगती.

कुमुद आठ महिन्यांची असताना मी तिला घेऊन पुण्याला माहेरी गेले. पौष महिना होता, थंडी कडक. तिला डबा झाला, छातीत कफ भरला. छाती उडायची, नाकपुड्या फुलायच्या. डॉक्टर आले, पोटीसं बांधली. तिसऱ्या दिवशी ती गेली. कुंची सबंध वेळ तिच्या डोक्याला होती. आई म्हणाली, तिचं सगळं तिच्याबरोबर जाऊ दे. सगळं दिलं मी. कुंची तेवढी ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी दडवली. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं. आता येतं. तिच्या मानेचा वास त्या अस्तरात होता आणि तो मातीत जाणार होता.

लोणावळ्याला परत आले तर माझ्या आधी बातमी पोचलेली. आमिनामावशी आली, बसली. तिला कुंची मागायची नव्हती, ती मागायला आलीच नव्हती. मीच उठून आणून तिच्यापुढं ठेवली. आणि म्हणाले, ही तिनं घातलीच नाही. पुण्याला नेलीच नव्हती.

हे खोटं मी का बोलले? एक म्हणजे बेडशाची सखू. तिची तीन मुलं एकामागून एक गेली होती, चौथ्यांदा दिवस राहिले होते, आणि मावशीनं तिला हीच कुंची कबूल केली होती. ती बाई महिने मोजत या कुंचीची वाट बघत होती. पण सखूची दया आली असं म्हटलं तर मी अजून तशीच लबाड आहे असं होईल. खरं हे, की माझ्या मुलीचं काहीतरी कुठल्यातरी जित्या डोक्यावर असावं असं मला वाटत होतं. कुणाच्या का असेना.

मावशीनं कुंची मांडीवर घेतली. बंद बोटांत धरून बघितले. मग घडी घातली, गाठोड्यात ठेवली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आली ती ओटीवर थांबलीच नाही. सरळ माजघरात येऊन माझ्याजवळ जमिनीवर बसली. मी तांदूळ निवडत होते.

"बंद चावल्यात," ती म्हणाली. "नवं व्हतं, मी शिवलेलं. तुझ्या पोरीनं चावल्यात."

पहिल्यांदा तिनं मला 'तू' म्हटलं. माझं सूप हातातून निसटलं. मी रडले ते कुमुद गेल्यावरसुद्धा रडले नव्हते इतकं. तिनं मला उगी केलं नाही. सांडलेले तांदूळ गोळा करत राहिली. सगळे सुपात आल्यावर म्हणाली की तिला कुणी बहीण नाही, भुसावळला भाचाही नाही.

मला कळलं नाही. मग तिनं सांगितलं. कुंची तिच्या मुलाची होती. कासीम नाव. अकरा महिन्यांचा होऊन गेला. मातीत सगळं दिलं, कुंची देववली नाही. पुढं वर्षभरानं खंडाळ्याची दूधवालीण रडत आली, जगल्या लेकराचं काही हाय का म्हणून. हिच्याकडं ट्रंकेत फक्त तेवढंच. हिनं बहीण बनवली, बहिणीला मुलगा दिला, त्याला भुसावळला इंजिनावर चढवला. दूधवाल्याची पोर जगली. मग दुसरी बाई आली. त्या एका कापडाभोवती बाकीचं गाठोडं जमलं. आणि दर वेळी 'लेकरू जितं हाय न्हवं' हे ती इतकं दरडावून विचारायची, ते यासाठी. एक खोटं आत होतं, दुसरं शिरू द्यायचं नव्हतं.

"सात लेकरं जगली त्यात," ती म्हणाली. "माझा कासीम त्यास्नी संबाळत व्हता, असं धरून चालले मी."

मी म्हटलं, मग आता नदीत सोडू. सखूला सांगू की फाटली. तिनं मान हलवली.

"एकटीचं खोटं पचतं, पोरी. दोघींचं न्हाई पचत. सखूला खरं सांगू. तिची तीन गेल्याली हायती. तिला नाही कळायचं तर कुनाला?"

ती चुकली. मावळात तिच्याइतकं बायकांना ओळखणारी कुणी नव्हती आणि ती तिथंच चुकली. मला शंका आली होती का? आली होती. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी मला काय करायचं ते सांगत होतं, म्हणून मी तिच्यामागून चालू लागले.

आम्ही कामशेतला उतरून पायी बेडशाला गेलो. फाल्गुन होता, भातखाचरं कोरडी पडलेली. लेण्यांच्या डोंगराखाली सखूचं घर. नवरा रानात गेलेला, सासू परड्यात गोवऱ्या थापत होती. सखू माझ्याच वयाची, आठवा महिना, पाय सुजलेले. तिनं आधी पाणी दिलं, गूळ दिला. मावशीनं कुंची तिच्यापुढं घोंगडीवर ठेवली तसा तिचा चेहरा असा उजळला, की मला तिथंच म्हणावंसं वाटलं, मावशी, नको. पण मावशी बोलू लागली होती. तिनं काही लपवलं नाही. कासीम सांगितला. माझी कुमुद सांगितली. मधली सात जगलेली सांगितली. आणि म्हणाली, ह्यात गेल्या लेकरांची हाय ऱ्हायलीया, तीच तुझ्या लेकराला राखंल.

सखूनं कुंचीकडं बघितलं. हात पुढं केलेला होता, तो मागं घेतला.

"मावशी, ह्ये तुमी मला सांगाया नगं व्हतं."

"खरं हाय ते सांगितलं, बाय."

"व्हय. पन सांगितलं नसतं तं म्या घातली असती." ती रडत नव्हती. "आता ठावं झालं. ठावं झालेलं लेकराच्या डोईला कसं बांदू?"

मावशीनं कुंची आपल्याकडं ओढून घेतली. सखू पुढं म्हणाली, "माझ्या तिघांचं म्या समदं पुरलं. एक चिंधी ठिवली न्हाई. मला बी ठिवावं वाटलं व्हतं."

परड्यात गोवऱ्यांचा आवाज थांबला होता. सासूनं सगळं ऐकलं होतं.

कामशेतच्या फलाटावर गाडीची वाट बघत आम्ही बसलो. मावशीनं कमरेची पिशवी सोडली, कात्री काढली, कुंचीचे बंद टाके मोडून वेगळे केले आणि माझ्या हातात दिले. "ह्ये तुझं," म्हणाली. कुंची तिनं आपल्या पोलक्यात घातली. वीस वर्षं तिनं ती लोकांच्या मुलांना दिली होती. त्या दिवशी ती पुन्हा तिच्या मुलाची झाली.

महिन्याभरात ही गोष्ट मावळभर झाली. वडिवळ्याहून झबली परत आली, कुणी दारात टाकून गेलं, कुणी जाळली. मुलांचे लहान झालेले कपडे बायकांनी तिला द्यायचं बंद केलं आणि तिच्याकडचं मागायचंही. खंडाळ्याची दूधवालीण भांडायला आली, माझ्या पोरीला मढ्याचं कापड घातलंस म्हणून रस्त्यात उभी राहून ओरडत होती. ती पोर शेजारी उभी होती, धडधाकट, कडेवर एक, बोटाला एक. आईचा दंड धरून तीच म्हणत होती, अगं आये, मी हाय की हितं. मी खिडकीतून बघत होते. बाहेर यावं, सांगावं की खरं बोलायची वेळ माझ्यामुळं आली, हे मनात आलं. बाहेर आले नाही. तारमास्तरांची बायको रस्त्यावर कशी भांडणार! गुलाबी सदऱ्याचं मी हसून सांगते. खिडकीचं हसून सांगता येत नाही.

सखू चैत्रात बाळंत झाली. मुलगा झाला. बाजारातलं कोरं कापड त्याच्या अंगाला घातलं आणि नाव धोंडू ठेवलं. जगला. हे मीच मावशीला सांगितलं. मला वाटलं होतं, तिला लागेल. तिनं टाका घातला, दोरा दातानं तोडला. "जगलं न्हवं? मंग झालं," म्हणाली. मग विचारलं, "दिसाया कसं हाय?" मी म्हटलं, ऐकते की गोरंगोमटं आहे. ती भडकली. असं म्हणू नये म्हणून मला चांगली झापली आणि तीनदा जमिनीवर बोटं मोडली.

पुढल्या वर्षी आमची बदली निघाली. जायच्या आधी कामशेतच्या बाजारातून तांदूळ घ्यावा म्हणून मी मावशीला बरोबर घेऊन गेले. वैशाखातलं ऊन होतं. गाठोड्याशिवाय चालायची तिला सवय नव्हती; डावा हात तसाच अंगापासून दूर धरून चालायची. भाताच्या पोत्यांपाशी वळलो तर समोर, वीस पावलांवर, सखू. कडेवर मुलगा, वर्षाचा, डोक्याला काही नाही, केस घामानं चिकटलेले, हातात भेंडाचा खुळखुळा. मावशी थबकली. तिची मान वाकडी झाली, जशी बाळंतिणीच्या दारात व्हायची.

सखूनं आम्हांला बघितलं. तिच्या तोंडावर राग नव्हता. उलट, कसनुशी हसल्यासारखी झाली. पण हात मात्र पदराकडं गेला आणि तिनं तो मुलाच्या डोक्यावरून, तोंडावरून, पार पायांपर्यंत ओढून घेतला. मूल आत चुळबुळ करू लागलं, रडू लागलं. ती पदर घट्ट धरून तशीच उभी राहिली. आम्ही पुढं गेल्याखेरीज ती तो काढणार नव्हती, आणि आमची वाट तिच्यासमोरूनच होती.

मी चालू लागले होते. मावशीनं माझं कोपर धरलं.

"तिकून नगं. पल्याडच्या अंगानं जाऊ."

मी म्हटलं, मावशी, केवढा वळसा पडेल या उन्हात.

"पडू दे," ती म्हणाली. "पदराखाली लेकराला उकडत आसंल."

आणि माझी वाट न बघता ती वळली, बैलगाड्यांच्या मागच्या बाजूनं, मान खाली घालून, भराभर.